कसाला न लागणारे नाणे

चांदीचा रुपया दगडी फरशीवर टाकला की बोलतो. खऱ्याचा नाद लांबतो, शिशाची भेसळ असलेला थप्पकन बसतो. 'खणखणीत नाणे' म्हणताना मराठी माणसाच्या कानात हाच नाद असतो. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा केलेला आणि पुढे राणीच्या, राजाच्या छापाने चालत राहिलेला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. तराजू, कसोटीचा दगड आणि तयार कान ज्याच्याकडे होता, त्याच्या हाती खोटा रुपया टिकवणे सोपे नव्हते.

अकोल्याच्या जुन्या शहरात असे रुपये अजून निघतात. मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या तटाला धरून वसलेली ही वस्ती. राजराजेश्वराच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत जुन्या घरांतली कपाटे उघडली, की लक्ष्मीपूजनाच्या डब्यात दोन-चार राणीछाप रुपये, एखादा भोकाचा पैसा, कधी आजेसासूने जपून ठेवलेला कातरकडांचा एक आणा सापडतो. त्यांना वर्षातून एकदा हळद-कुंकू लागते आणि ती परत डब्यात जातात. त्यांची किंमत काय, हा प्रश्न घरात कधी कुणी विचारलेला नसतो.

तो प्रश्न आता मोबाइल विचारतो. 'तुमच्याकडे १९४७ चा रुपया आहे का? एक कोटी मिळतील.' 'ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट द्या, लाखो घेऊन जा.' 'वैष्णोदेवीचे नाणे', '७८६ क्रमांकाची नोट'. खाली व्हॉट्सॲपचा नंबर.

या वस्तू खरोखर काय आहेत, ते आधी पाहू. १९४७ च्या रुपयावर एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ आहे. त्यात चांदीचा कण नाही. युद्धकाळात चांदी टंचाईची झाली, तेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये तो निव्वळ निकेलचा झाला. तो कोट्यवधींच्या संख्येने पाडला गेला, म्हणून नाण्यांच्या कुठल्याही प्रदर्शनात तो किरकोळ पैशांत मिळतो. ट्रॅक्टरची पाचची नोट आजही कायदेशीर चलन आहे. तिने पाच रुपयांचा माल मिळतो. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ साली देवस्थान मंडळाच्या पंचवीस वर्षांनिमित्त निघाले आणि ते सुट्या पैशांत येत-जात असते. ज्या वस्तूंची बाजारात रेलचेल आहे त्यांनाच दुर्मीळ म्हणणे, हेच या जाहिरातीचे मर्म आहे. खरोखर दुर्मीळ नाणे मागितले असते तर हजारात एकाकडे सापडले असते. सामान्य नाणे मागितले, की प्रत्येक घर सावज होते.

नंबरवर फोटो पाठवला की तासाभरात फोन येतो. बोलणारा आदबीने बोलतो, 'काका', 'काकू' म्हणतो. नाणे 'पास' झाल्याचे कळवतो. मग एखाद्या कंपनीचे ओळखपत्र येते, त्यामागून रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह छापलेले पत्र. पहिली मागणी लहान असते: नोंदणीचे हजार-बाराशे रुपये. ते भरले की जीएसटी, मग टीडीएस, मग रकमेचा विमा, मग 'पैसे घेऊन गाडी निघाली आहे, पण नाक्यावर अडकली'. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेपेक्षा मोठी आणि प्रत्येक वेळी आश्वासन एकच, की हे सगळे पैसे शेवटी परत मिळणार आहेत. भरलेले पाच हजार बुडू नयेत म्हणून माणूस दहा हजार भरतो. दहा बुडू नयेत म्हणून पंचवीस भरतो. यात त्याच्या हावेपेक्षा त्याच्या काटकसरीचा वाटा मोठा असतो, हे या फसवणुकीवर हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये बंगळूरच्या एका महिलेने १९४७ चे नाणे विकायला काढले. समोरच्याने एक कोटी देऊ केले आणि करांच्या नावाखाली तिच्याकडूनच एक लाख रुपये काढून घेतले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढले. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी बँक कसलेही शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तसे पैसे गोळा करण्याचा अधिकार तिने कोणाही व्यक्तीला, कंपनीला दिलेला नाही, असे त्यात स्वच्छ सांगितले होते. देशाच्या मध्यवर्ती बँकेला पाचच्या नोटेसाठी निवेदन काढावे लागले, यावरून हा धंदा किती पसरला होता ते कळते.

या व्यवहारातली एक गोष्ट पुन्हा पाहण्यासारखी आहे. विकणारा माणूस पैसे देतो आहे. कापूस बाजार समितीत नेणाऱ्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याने 'आधी तूच मला पैसे दे' म्हटले तर तो बैलगाडी फिरवील. मोबाइलवर मात्र तोच शेतकरी पैसे देतो, कारण तिथे बाजार दिसत नाही, शेजारचा गाडीवाला दिसत नाही आणि 'अरे, हे काय चाललंय?' असे विचारणारे कुणी जवळ नसते.

नाण्याच्या व्यवहारात असा विचारणारा माणूस पूर्वी नेमलेलाच असे. गावात त्याला पोतदार म्हणत. सरकारजमा होणारा प्रत्येक रुपया पारखून घेणे हे त्याचे काम, आणि बहुधा ते गावच्या सोनाराकडे असे. आज ते फक्त आडनाव उरले आहे. शहरात हे काम सराफाचे आणि नाणावट्याचे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हा बाजारात एका छापाचा रुपया नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा रुपया होता, निजामी मुलखातल्या वेगवेगळ्या टांकसाळींचे होते. पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराने औरंगाबादेत पाडलेला रुपया तर 'पेस्तनशाही' याच नावाने ओळखला जाई. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवताना जी काट बसे, तिला बट्टा म्हणत. माणसाच्या नावाला, घराण्याच्या अब्रूला बट्टा लागतो तो तिथून आलेला.

सराफ नाणे तपासून झाले की त्यावर कधी कधी बारीक ठसा मारीत. जुन्या मोगल आणि कंपनी रुपयांवर अशा खुणा आजही दिसतात. संग्राहकाला त्या नाणे विद्रूप करणाऱ्या वाटतात आणि बाजारात त्यांनी किंमत उतरते. त्या काळात मात्र तो ठसा म्हणजे एका ओळखीच्या माणसाची जबाबदारी होती. नाणे खोटे निघाले तर कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायचे, ते त्यावरून कळत असे.

हुंडीचीही तीच गोष्ट. 'शहाजोग हुंडी' ही फक्त 'शाह' माणसाला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यालाच वटवून मिळे. चोराने ती पळवली तरी तिचे पैसे करण्यासाठी त्याला बाजारातल्या पतवाल्याकडेच जावे लागे आणि तो विचारी, 'ही तुझ्याकडे कशी?' 'जोखमी हुंडी'त माल मुक्कामी पोचला तरच पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाही. अनोळखी माणसांत दुरून व्यवहार कसा करावा, हा प्रश्न इंटरनेटने पहिल्यांदा उभा केला असे मानण्याचे कारण नाही. कापूस आणि अफूच्या व्यापाऱ्यांनी तो सोडवला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तरात कुठे ना कुठे एक माणूस होता, ज्याला गाठता येत असे.

२००८ च्या ऑक्टोबरअखेरीस सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा सगळा रोख असा मधला माणूस काढून टाकण्यावर होता. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. ही खातेवही कोणा एका बँकेकडे नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. प्रत्येक खात्याला एक पत्ता असतो आणि तो सर्वांना दिसतो. त्या पत्त्यावरचे बिटकॉइन हलवायचे तर एक गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे अक्षर-अंकांची एक लांब ओळ. ती ज्याला माहीत, तो मालक. नाव नको, सही नको, ओळखपत्र नको.

अशा चलनाला धातूचा देह देण्याची कल्पना अमेरिकेतील युटा राज्याच्या माइक कॉल्डवेल या संगणक अभियंत्याला सुचली. २०११ मध्ये त्याने 'कॅसॅशियस' नावाने पितळी नाणी काढली. नाण्याच्या आत कागदाच्या चिटोऱ्यावर गुप्त किल्ली आणि वर चमकणारा होलोग्राम. होलोग्रामच्या छोट्या खिडकीतून पत्त्याची पहिली आठ अक्षरे दिसत. होलोग्राम सोलला की खाली मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उमटे, म्हणजे नाणे 'फोडले' गेल्याचे कळे. सुरुवातीच्या होलोग्रामवर खुद्द नावाच्याच स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळले होते. आज संग्राहक त्या चुकीच्या नाण्यांना जास्त भाव देतात. सगळे मिळून सुमारे २८ हजार नग बनले. एका बिटकॉइनची किंमत तेव्हा काही डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती एक लाख डॉलरच्या वर गेली. पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवलेले पितळी नाणे घराएवढ्या किमतीचे झाले.

या नाण्याचा कस लावायचा तर तो कसा लावणार?

अकोल्यात बसलेला माणूसही अर्ध्या मिनिटात सार्वजनिक खातेवहीत पाहू शकतो, की त्या पत्त्यावर बिटकॉइन आहे की नाही. हा मोठाच फायदा आहे. चांदीच्या रुपयाच्या पोटात काय आहे ते मुंबईहून दिसत नसे. पण खातेवही फक्त एवढेच सांगते की खात्यात पैसे आहेत. किल्ली आणखी कोणाकोणाला माहीत आहे, हे ती सांगत नाही. फोटोतले नाणे आणि खातेवहीतला पत्ता यांची गाठ खरी आहे का, हेही नाही. खऱ्या नाण्यावरची आठ अक्षरे वाचून तीच अक्षरे खोट्या नाण्यावर छापता येतात. आणि आतली किल्ली खरी आहे की नाही हे पाहायचे, तर होलोग्राम सोलावा लागतो. सोलला की संग्राह्य वस्तू म्हणून नाणे संपले. रुपया शंभरदा फरशीवर आपटला तरी रुपयाच राहतो. हे नाणे तपासले की मोडते.

म्हणजे ज्या चलनाचा जन्म कोणावरही भरवसा ठेवावा लागू नये म्हणून झाला, त्याला नाण्याचे रूप देताच सगळा भरवसा एका माणसावर येऊन पडला. कॉल्डवेलने किल्ल्या तयार करताना त्यांची प्रत ठेवली नाही, असे तो सांगत असे. ग्राहकाकडे ते पडताळण्याचा काहीच मार्ग नव्हता. त्याला स्वतःलाही या दुबळ्या जागेची जाणीव असावी. २०१२ मध्ये त्याने किल्ली परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात ग्राहक आपला शब्द स्वतःजवळ ठेवतो आणि नाणे बनवणाऱ्यालाही तो कळत नाही. पुढे फिनलंडच्या डेनारियमसारख्या कंपन्यांनी एकाहून अधिक किल्ल्या लागणारी नाणी काढली. जुन्या वाड्यातल्या तिजोरीला दोन भावांच्या दोन किल्ल्या असत, तसाच हा प्रकार.

होलोग्रामवरही किती विसंबायचे, हे लवकरच दिसले. २०१३ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकर मेळाव्यात सीलबंद वस्तू खूण न ठेवता उघडण्याची स्पर्धा होती. तिथे कॅसॅशियस नाण्याच्या होलोग्रामखाली इंजेक्शनच्या सुईने द्रावक सोडून तो अलगद उचलून दाखवला गेला. मधाच्या पोळ्याची नक्षी उमटली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या यंत्रणेने कॉल्डवेलला कळवले, की असा व्यवसाय पैसे पाठवण्याच्या व्यवसायात मोडतो आणि त्याला नोंदणी लागते. त्याने बिटकॉइन भरलेली नाणी विकणे थांबवले. उरलेली नाणी तेव्हापासून हातोहात फिरत आहेत. अमेरिकेतील ॲनाक्ससारख्या नाणे-प्रमाणन संस्था ती तपासून प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात. डबीवरचे लेबल म्हणजे सराफाचा तो जुना ठसाच. पण अशा डब्याही बनावट निघतात. जुन्या नाण्यांच्या बाजाराला त्याचा चांगला अनुभव आहे.

भारतात 'बिटकॉइन' म्हणून जे सोनेरी नाणे खरेदीच्या संकेतस्थळांवर काही शे रुपयांत मिळते, त्यात यातले काहीच नसते. किल्ली नाही, पत्ता नाही, फक्त मुलामा आणि 'बी' अक्षरातून गेलेल्या दोन उभ्या रेघा. भेटवस्तू म्हणून त्यात वावगे काही नाही. कोणी तेच नाणे 'आत बिटकॉइन आहे' म्हणून विकू लागला, तर खात्री कशी करायची हे न जाणणारा माणूस अलगद सापडतो.

ऑनलाइन बाजाराने या अडचणीवर जे उत्तर काढले, ते नावलौकिकाचे होते. अनोळखी विक्रेत्याने आधी किती सौदे नीट केले, किती जणांनी 'माल मिळाला' म्हणून कळवले, याची नोंद ठेवायची आणि तिच्यावर विसंबायचे. शहाजोग हुंडीचीच ही कल्पना, पण तिच्यातून गल्ली वगळली. टेक्सासच्या ट्रेंडन शेव्हर्सने २०११-१२ मध्ये हा वगळलेला भाग नेमका हेरला. एका टोपणनावाखाली त्याने आठवड्याला सात टक्के व्याजाचे आश्वासन देऊन बिटकॉइनच्या ठेवी घेतल्या. सुरुवातीला व्याज वेळेवर दिले. ज्यांना मिळाले त्यांनीच त्याची ग्वाही दिली. अमेरिकी नियामकांच्या म्हणण्यानुसार त्याने सात लाखांहून अधिक बिटकॉइन गोळा केले होते. जुन्यांना द्यायचे पैसे नव्यांच्या ठेवींतून येत होते. २०१६ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याचा लौकिक खोट्या शिफारशींवर उभा नव्हता. शिफारशी खऱ्या होत्या आणि खऱ्या माणसांनी मनापासून दिलेल्या होत्या, म्हणूनच त्यांनी काम केले.

महाराष्ट्राला हा अनुभव पुण्याने दिला. अमित भारद्वाजच्या 'गेनबिटकॉइन' योजनेत बिटकॉइन गुंतवले की अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा मिळेल असे सांगितले जाई. जाळे साखळी पद्धतीचे. गुंतवणूकदार आपल्याच मेहुण्याला, सहकाऱ्याला आणी. एकट्या २०१७ सालात ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाल्याचे सक्तवसुली संचालनालयाने म्हटले आहे. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठ ठिकाणी छापे घालून सुमारे २४ कोटींचे आभासी चलन जप्त केले.

या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र मार्च २०२२ चा आहे. २०१८ च्या तपासात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. त्यांतला एक माजी पोलीस अधिकारी होता. आरोपींच्या खात्यांतले बिटकॉइन परस्पर वळवल्याचा आणि तपासाला बनावट छायाचित्रे दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. आरोपाचा निकाल न्यायालयात लागेल. पण तो करता येण्याजोगा आरोप आहे, हेच पाहावे. पोलिसांनी सोन्याची नाणी जप्त केली तर पंचनामा होतो, वजन लिहिले जाते, पुडके लाखेने सीलबंद होऊन मुद्देमालात जाते. किल्ली मात्र नुसती पाहिली तरी जाते. ज्याने ती वाचली त्याच्याजवळ ती राहते आणि कागदावर तिचा ओरखडाही उमटत नाही. लाखेच्या सीलवर उभी असलेली शंभर-दीडशे वर्षांची पद्धत या वस्तूपुढे तोकडी पडते.

हातात काहीतरी धरायला दिले की विश्वास लवकर बसतो, हेही फसवणाऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईत दादरच्या 'टोरेस' दुकानाने २०२४ मध्ये गुंतवणूकदारांना मोइसनाइटचे चकाकते खडे दिले आणि आठवड्याला परताव्याचे वचन दिले. ६ जानेवारी २०२५ ला दुकानासमोर जमलेल्या लोकांच्या घरी तो खडा होता, पैसे नव्हते. वऱ्हाडात हीच युक्ती 'सोन्याच्या गिन्नी'ची. पाया खोदताना हंडा सापडला असे सांगून एक खरी गिन्नी द्यायची, 'सराफाला दाखवा' म्हणायचे. सराफ ती खरी ठरवतो, कारण ती खरीच असते. मग रात्रीच्या अंधारात रोख रकमेच्या बदल्यात जी पिशवी हाती येते ती पितळेची. इथे कसोटी खोटी नाही, सराफही खोटा नाही. तपासले एक आणि विकत घेतले दुसरेच.

याहून पुढची पायरी म्हणजे कसोटीचेच सोंग. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल घातलेली, रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची नाणी जत्रेत, तीर्थक्षेत्री आणि आता ऑनलाइन विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती अलीकडची बनावट टोकने आहेत. पण त्यांच्याभोवती 'राइस पुलर'ची कथा रचली गेली: हे तांबे तांदळाचे दाणे ओढते, यात दुर्मीळ धातू आहे, परदेशी अवकाश संस्था ते कोट्यवधींना घेते, फक्त आधी शास्त्रीय चाचणीचा खर्च द्या. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला अटक केली. किरणोत्सर्गापासून बचावाचे पोशाख चढवून चाचणीचा देखावा उभा करीत त्यांनी एका व्यापाऱ्याला १ कोटी ४३ लाखांना बुडवले होते. माणसाला कसोटी हवी असते, हे ओळखून त्याला कसोटीचे नाटक विकले.

अस्सल जुन्या नाण्याचे मोल काय असते, याचे एक उत्तम उदाहरण जुन्या अकोला जिल्ह्यातच आहे. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हा तालुका आता वाशीम जिल्ह्यात आहे. नाणी पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची होती. वितळवली असती तर कासाराने शेरावर घेतली असती. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांच्यावरची अक्षरे वाचून १९४० मध्ये शोधनिबंध लिहिला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या याद्यांत न सापडणारी राजनावे इतिहासात आली. हे मोल बाजाराने ठरवले नाही. साठा विखुरला नाही, जाणकाराच्या हाती लागला आणि त्याने तो नीट वाचला, यातून ते आले. हेच हंडे आज सापडले आणि फोटो काढून एकेक नाणे ऑनलाइन विकले गेले, तर राजांची नावे पुन्हा मातीत जातील. म्हणून १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करतो आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लावतो आणि निर्यातीला बंदी घालतो. हे कायदे सोन्याच्या लोभाने नव्हे, अशा वाचनासाठी जपायला हवेत.

नाण्यांचा प्रामाणिक व्यवहारही भरपूर चालतो. पुणे, मुंबई, नागपूरच्या नाणे प्रदर्शनांत लोक मिलिग्रॅमचा काटा आणि भिंग खिशात घेऊन फिरतात. तिथे कोणी राणीछाप रुपयाचे लाख देत नाही. चांदीच्या भावाच्या आसपास, साल आणि टांकसाळ चांगली असेल तर थोडे वर, एवढाच सौदा होतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ च्या अजब बंगल्यात, विदर्भातली नाणी पाहायला मिळतात. डब्यातल्या रुपयाची किंमत कळून घ्यायची असेल, तर जुन्या शहरातून तिथवर एका दिवसात जाऊन येता येते. जाणे जमत नसेल, तर निदान ओळखीच्या सराफाच्या ओट्यापर्यंत तरी जावे. तो चांदीचे वजन सांगेल आणि त्याबद्दल कसलेही नोंदणी शुल्क मागणार नाही.

बिटकॉइनच्या नाण्याबाबत असा ओटा अकोल्यात नाही. भारताने १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का कपात लावली आहे. कर लागतो म्हणून तो माल सरकारने तपासून दिला, असा समज काही विक्रेते करून देतात. तो चुकीचा आहे. होलोग्राम न सोललेले, प्रमाणित डबीतले, मालकीची साखळी कागदावर असलेले नाणे समोरासमोर आणि ओळख पटवून मिळत नसेल, तर वऱ्हाडातल्या माणसाने ते घेऊ नये. ज्याचा कस घरी लावता येत नाही आणि जो लावून देईल असा माणूस गावात नाही, अशा वस्तूत पैसे घालणे धोक्याचे आहे, मग ती कितीही खरी असो.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत सावध राहणे याहून सोपे आहे. विकणाऱ्याकडे पैसे मागितले की फोन ठेवायचा. पैसे खात्यात यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना लागतो. एवढे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकदा बसून समजावून द्यावे.

आणि तरीही कोणी फसलेच, तर बहुतेक घरांत पहिला तास रागावण्यात जातो. ज्याने पैसे पाठवले तो आधीच लाजलेला असतो. रागावले की तो पुढचे दोन हप्ते लपवतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलत असतात ते याच तासात, आणि ते वाटेत गोठवता येण्याची शक्यताही याच तासात सर्वांत जास्त असते. तेव्हा काकांना, आईला, आजोबांना काही बोलण्याआधी त्यांच्या शेजारी बसून १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक लावावा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगावी, आणि मग जुने शहर पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर जावे.